गोव्यात राहून दिवाडीला सुट्टी?

प्रश्न, थोडक्यात: फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४९, शाळेच्या कार्यालयात नोकरी, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा पुण्यात, घरी ७८ वर्षांच्या सासूबाई. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्नाला २५ वर्षं होतात. चार दिवस दोघांनीच एखाद्या छोट्या बेटावर जाऊन निवांत राहायचं ठरलंय, पण कुठल्या बेटावर, इथे घोडं अडलंय. यजमानांना लक्षद्वीप हवंय. ते म्हणतात, लोकांना सांगायला तरी काही हवं. बाईंच्या मनात दिवाडी, इथलंच, मांडवी नदीतलं बेट. माशेलला दिलेली नणंद हसली, “दिवाडीला राहायला? तिथे सकाळी जाऊन दुपारी परत येतात.” बाई लिहितात, “गोव्यात घर म्हटल्यावर नाताळात आणि मे महिन्यात आमच्याकडे सांगली, बेळगाव, मुंबईचे पाहुणे उतरतात. स्वयंपाक आणि माणसं यांतून मला चार दिवस सुटायचंय. पण सासूबाईंना सोडून फार लांब जायला मन धजत नाही. दिवसवार बेत सोबत जोडला आहे. कुठे जाऊ, आणि निवांतपणा नक्की मिळेल ना?”

ताई,

आधी तुमच्या बेताबद्दल. पहाटे साडेपाचला चोडणचे पक्षी, नऊला पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, अकराला सायकल, दुपारी पलीकडे नार्व्याला सप्तकोटेश्वर, सूर्यास्ताला धक्का, आणि हे सगळं पहिल्याच दिवशी. कागद सुबक आहे. मे महिन्यात सांगलीकरांच्या हातात ठेवलात तर ते तुम्हाला दुवा देतील. पण या बेतात तुम्ही स्वतः मला कुठे दिसल्या नाहीत. कोणाला किती वाजता कुठे न्यायचं, चहा कुठे, जेवण कुठे, हे सगळं आहे. ज्या कामाने तुम्ही दमलात तेच काम या वेळी स्वतःसाठी करायला निघाला आहात. तेव्हा निवांतपणा मिळेल का या प्रश्नाचं उत्तर, या कागदाने तरी, नाही.

आता दुसरं, जरा नाजूक. दिवाडी तुम्ही का निवडलीत? तिथली झाडं, गल्ल्या, नदी आवडते म्हणून, की तिथून तासाभरात घरी परतता येतं म्हणून? पत्रात पहिल्या कारणाची एकही ओळ नाही. दुसरं मात्र स्वच्छ लिहिलंय. तसं असण्यात चूक काहीच नाही, पण मग त्याची किंमतही मोजायला हवी. जवळ असण्याचा फायदा तुमच्याआधी घरच्यांना कळतो. गॅस संपला, बीपीची गोळी सापडत नाही, दुकानाची दुसरी चावी कुठे आहे, असे फोन लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर गेलेल्या बाईला कोणी करत नाही, कारण करून उपयोग नसतो. दिवाडीला गेलेल्या बाईला करतात. आणि ती येतेही. संध्याकाळच्या फेरीबोटीने येते, रात्री घरी भात लावते, सकाळी परत जाते. ही सुट्टी कसली, ही तर जास्तीची पाळी झाली.

म्हणून कुठलं बेट हे ठरवण्याआधी सासूबाईंच्या चार दिवसांचं ठरवा. घरात तुमच्याशिवाय पान हलत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक घरांत ते तसं असतं, कारण दुसऱ्या कोणाला पान हलवायची वेळच आलेली नसते. तुमच्या नणंदबाई माशेलला आहेत, फोंड्यापासून काही लांब नाहीत. दिवाडी त्यांना राहण्याजोगी वाटत नाही, उत्तम. त्यांनी चार दिवस आईजवळ राहावं. हे मी चिमटा काढायला सांगत नाही. लेकीशी चार दिवस निवांत बोलायला मिळालं तर म्हातारीलाही हवंच असेल. फक्त हे सांगायचं काम तुमचं नाही, तुमच्या यजमानांचं. आई त्यांची, बहीण त्यांची. तुम्ही गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, बस.

यजमान हा निरोप बहिणीला देऊ शकले नाहीत, किंवा नणंदबाईंनी काही कारण काढलं, तर माझा सल्ला बदलतो. मग दिवाडीला जाऊ नका, लक्षद्वीपच बरं. हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण घरची सोय कच्ची असेल तर तुम्हाला थांबवून धरायला अंतरच लागेल.

यजमानांच्या हट्टाकडेही जरा सरळ नजरेने बघू या. ‘लोकांना सांगायला काही हवं’ हे वाक्य ऐकून तुम्हाला राग आलेला दिसतो. पण पंचवीस वर्षं खिळे, पाइप आणि रंगाचे डबे विकणारा माणूस एकदा निळं पाणी बघू म्हणाला, तर त्यात नुसता देखावाच असेल असं नाही. पाणी तर तिथे आहेच. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यांतली वस्तीची १०, आणि सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. प्रवाळाची बेटं, भोवती उथळ, संथ लगून. ज्याला पोहता येत नाही तोही कंबरभर पाण्यात उभा राहून मासे बघतो. जेवण-राहणं पॅकेजमध्ये असतं, म्हणजे चार दिवस तुम्हाला चूल नाही. हा मुद्दा मी हलका धरणार नाही.

पण खटाटोपही आहे. तिथे जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. विमान उतरेल अशी जागा एकच, अगत्ती. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून तिथे थेट सेवा २०२४मध्ये सुरू झाली, तुमच्या तारखांना ती आहे का ते बघून घ्यावं लागेल. नाहीतर कोचीला जाऊन विमान, किंवा जहाज; जहाजाला बेटानुसार १४ ते २० तास लागतात. अगत्तीहून दुसऱ्या बेटावर जायचं तर पुन्हा बोट. चार दिवसांच्या सुट्टीत हे बसवलंत तर दोन दिवस तुमचे प्रवासातच जातील. तिकडे जायचं तर आठवडा काढून जा. आणि हो, बंगाराम सोडलं तर लक्षद्वीपात दारूबंदी आहे. यजमान संध्याकाळी थोडी काजू-फेणी घेणाऱ्यांपैकी असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी दोष तुम्हाला लागेल.

माझा कल विचाराल तर, नणंदबाई येत असतील तर या डिसेंबरात दिवाडी. लक्षद्वीप फेब्रुवारी-मार्चमध्ये, सावकाश, परवान्यापासून परतीच्या तिकिटापर्यंत सगळं यजमानांनी करून. ज्याला जिथे जायची हौस, त्याने तिथली व्यवस्था करावी, हा नियम घराघरांत लागू झाला तर निम्म्या बायकांच्या सुट्ट्या सुधारतील.

आता दिवाडी. फोंड्यात जन्म गेला तरी तुम्ही तिथे एक रात्रही काढली नसेल, आपण गोवेकर अशा जागा पाहुण्यांना दाखवण्यापुरत्याच बघतो. म्हणून काय मिळेल आणि काय नाही ते आधी सांगते. बेट म्हटलं की डोळ्यांसमोर वाळू येते. दिवाडीला वाळू नाही. हे मांडवीतलं बेट आहे, समुद्रातलं नव्हे. काठाला खारफुटी, आत खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल शेती, शेताला बांध, बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप. भरतीचं खारं पाणी आत किती घ्यायचं आणि ओहोटीला किती सोडायचं ते ही मानसाची दारं ठरवतात, आणि सगळं शेत त्यावर उभं आहे. ओहोटीला काठावर नुसता चिखल उघडा पडतो आणि त्याला चिखलाचाच वास येतो. पोहायचं मनात आणू नका. काठ रुततो, पाण्याला ओढ आहे, आणि शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, ही काही लोकांनी उठवलेली हूल नाही. यजमानांना हे आधी सांगा. निळ्या पाण्याची आस धरून आलेला माणूस चिखल बघून रुसला की त्याची समजूत काढण्यात तुमची सुट्टी जाईल.

मिळेल ते असं. संध्याकाळी ऊन उतरलं की बांधावरून लांबवर चालता येतं, आणि वाटेत फार तर कोणी मासे पकडत बसलेला भेटतो. डिसेंबरात सरद भाताची कापणी झालेली असते, शेतांत बगळे उतरतात, खंड्या तारेवर बसलेला असतो, डोक्यावर ब्राह्मणी घार. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, गरम पाव-पोळी दारात येते. पिएदादच्या टेकडीवरून मांडवी आणि पलीकडची जुन्या गोव्याची चर्चं दिसतात. गाव मोठं नाही; मालार, सां मातियश, पिएदाद, नार्वे अशा वाड्यांमधून फिरता फिरता दुसऱ्या दिवशी लोक ओळख द्यायला लागतात. जुन्या घरांपुढचे बलकांव, म्हणजे बसायचे ओटे-व्हरांडे, आहेत. मला विचाराल तर राहण्याची जागा निवडताना खोलीपेक्षा बलकांव बघा. तुमचे सगळ्यात चांगले तास तिथे जाणार आहेत. (हे सांगताना मला माझ्या मावशीच्या सासरचा बलकांव आठवतो, पण ते असू दे.)

सप्तकोटेश्वराचं नाव तुमच्या यादीत होतं, ते ठेवा. कदंब राजांचं हे कुलदैवत मुळात दिवाडीवरच होतं. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नेलं, आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये बांधून घेतलं. अलीकडे त्याची डागडुजी करून ते पुन्हा नीट केलं आहे. बेटाच्या नार्व्याकडच्या टोकाहून फेरीने पाणी ओलांडलं की पलीकडचं गावही नार्वेच. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने एखाद्या दिवशी तिथे जोडीने जाऊन आलात तर त्या दिवसाला तेवढं पुरे. त्याच दिवशी चोडण जोडू नका. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य सुंदर आहे, १७८ हेक्टर खारफुटी आहे, पण ते दुसरं बेट, त्याची फेरी रायबंदरहून. दिवाडीला राहून चोडण ‘उरकणं’ हे पुन्हा पाहुण्यांचं काम झालं.

तारखेत थोडं मागेपुढे करा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त. त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, नोव्हेना, २४ नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत जुन्या गोव्याचा रस्ता आणि फेरीचा धक्का, दोन्हीकडे मुंगीला शिरायला जागा नसते. लग्नाचा वाढदिवस नेमका त्याच तारखांत येतोय म्हणून गर्दीतून वाट काढत जाण्यात शहाणपण नाही. फेस्त आटोपल्यावर दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी जा आणि शुक्रवारी परत या. शनिवार-रविवारी दिवाडीवर दुचाक्यांचे जथे उतरतात, नणंदबाई म्हणतात ते ‘सकाळी जाऊन दुपारी परत’वाले. सोमवार ते शुक्रवार बेट आपल्या माणसांचं असतं. आणि नाताळचे भावही अजून चढलेले नसतात.

गाडी नेऊ नका. यावर यजमान भांडतील, तरी नेऊ नका. गाडी असली की ‘जरा जाऊन येतो’ सुरू होतं, दुकानात डोकावून, घरी डोकावून. फोंडा-पणजी बस बाणस्तारीवरून जुन्या गोव्यातूनच जाते. तिथे उतरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून पुढे गेलात की धक्का. पायी चढणाऱ्याला फेरीत तिकीट नाही. दोन छोट्या पिशव्या असतील तर सामानाचं ओझंही वाटणार नाही. पलीकडे न्यायला घरमालकाला कोणाला तरी पाठवायला सांगा. गाडीसाठी फेरीच्या रांगेत उभं राहण्याचा वैताग वाचतो हा वर फायदा.

पहिला दिवस मोकळा सोडा. अगदी मोकळा. तुमच्यासारख्या बाईला हे जड जाणार आहे. दुपारपर्यंत तुम्ही कपडे घडी कराल, घरमालकिणीला ‘मी काही चिरून देऊ का’ म्हणाल. म्हटलंत तर म्हटलंत, पण त्यांनी नको म्हटल्यावर परत विचारू नका. दोन रात्रींत हे सुटत नाही, म्हणून तीन रात्रींपेक्षा कमी राहू नका. फोनसाठी दिवसातली एक वेळ ठरवा, जेवण झाल्यावर, आणि तो यजमानांनी करावा. बाकी वेळ तुमचा फोन बंद. अडलंच तर नणंदबाईंकडे घरमालकाचा नंबर असेल.

जेवण घरमालकांकडेच ठेवा. हुमण (माशाची आमटी) आणि भात, तळलेली मासळीची तुकडी, सोलकढी, एवढं चांगलं मिळालं की कुठे बाहेर जायचं कारण उरत नाही. गुरुवार किंवा उपवास पाळत असाल तर आधी कळवा, शिवराक, म्हणजे शाकाहारी, करून देतात.

दिवाडीवर राहायची इच्छा असलेल्या पण गोव्याबाहेरच्या वाचकांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. मुंबईहून मांडवी किंवा कोकणकन्येने येत असाल तर करमळीला उतरा, जुनं गोवं तिथून अगदी जवळ. समुद्रातच डुंबायचं असेल तर दिवाडी तुमच्यासाठी नाही, काणकोणच्या बाजूला जा. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडला ‘राहायला’ जायचं मनात असेल तर तेही सोडा. ती दिवसाची बोटीची सहल आहे, पावसाळ्यात तर बंदच. लहान मुलं असतील तर नदीकाठच्या बांधावर त्यांचा हात सोडू नका. पावसात दिवाडी हिरवीगार असते, मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ताज्या मासळीची अपेक्षा ठेवू नका, आणि वाऱ्यापावसात फेरी थांबूही शकते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंडेरां हा बेटावरचा उत्सव असतो, झेंडे, मिरवणूक, फोताश म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकांचा मारा. बघण्यासारखा आहे, पण निवांतपणा शोधत आलेल्याने त्या दिवशी येऊ नये. आणि एक विनंती. जुन्या घरांपुढे, बलकांवावर चढून फोटो काढू नका. आत माणसं राहतात.

ताई, राहण्याची जागा ठरवताना फोनवर काय विचारायचं ते लिहून देते. फोन यजमानांनाच करू द्या. जागा पर्यटन खात्याकडे नोंदलेली आहे का? गोव्यात १९८२च्या कायद्याने अशी नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्या ठिकाणी काही बिनसलं तर तक्रार करायला दार असतं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? मच्छरदाणी आहे का? खाजनाच्या कडेला संध्याकाळी डास असणारच, अगरबत्तीवर भागत नाही. पायऱ्या किती, कारण तुमच्या गुडघ्यांबद्दल पत्रात काही नाही पण पन्नाशीत ते विचारून ठेवावं. त्या आठवड्यात शेजारी लग्न आहे का? आवाज पहाटेपर्यंत चालतो, आणि डिसेंबर लग्नांचा महिना आहे. जुन्या गोव्याकडची शेवटची फेरी हल्ली किती वाजता सुटते, आणि रात्री कोणी आजारी पडलं तर बेटावरची माणसं कशी बाहेर पडतात? याचं उत्तर घरमालक चटकन देऊ शकला तर जागा घ्या. तो ‘बघू, होईल’ म्हणाला तर दुसऱ्याला फोन करा.